चाळणीत उरलेलं सोयाबीन

सांगलीच्या गावभागातल्या एका पिठाच्या गिरणीच्या पायरीवर एक बाई गहू चाळत बसल्या होत्या. वय पंचावन्न-साठच्या मधलं, शेजारी दहा किलोचा पत्र्याचा डबा. दळायला आणलेला गहू गिरणीच्या दारात कोणी चाळत बसत नाही, ते काम आदल्या दुपारी घरी उरकलेलं असतं. पण या गव्हात किलोभर सोयाबीन मिसळलेलं होतं आणि ते त्यांना आता परत काढायचं होतं. लेकीनं पुण्याहून फोनवर सांगितलं म्हणून दुसऱ्या महिन्यालाही त्यांनी ते घातलं होतं. रांगेत पुढं उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईनं डब्यात डोकावून म्हटलं होतं, "अगं बाई, सोयाबीन घातलंयस व्हय? त्यात बायकांचं हार्मोन असतंय. गाठी होत्यात. आणि तुला सारखी उन्हाळी लागतीया, कशाला असलं उष्ण खातीस?" गिरणीवाल्या मामांनीही मूठभर दाणे नाकाशी नेऊन मान हलवली. त्यांची तक्रार वेगळी होती. "कच्चं हाय ओ काकू. दगडाला चिकटतंय, मागच्याच्या पिठाला पण वास लागतो." मग त्यांनीच आतून एक चाळण आणून दिली. गहू खाली परातीत पडत होता आणि टपोरे पिवळे दाणे वर नाचत राहत होते. बाई ते मुठी-मुठीनं पिशवीत टाकत होत्या. मधेच, कुणाला उद्देशून नाही, म्हणाल्या, "खरं हाय पर. ह्ये खायला लागल्यापासनं पोट पण फुगतंय."

तीन तक्रारी एकाच चाळणीत पडल्या होत्या. गाठींची भीती, उन्हाळी आणि फुगणारं पोट. तिन्हींचा दोष सोयाबीनवर आला. तिघांनीही जे सांगितलं त्यात कुठं ना कुठं अनुभवाचा अंश होता, आणि तरीही चाळणीतून नेमकं जे बाहेर जायला नको तेच बाहेर चाललं होतं. हे दृश्य मनातून जाईना, ते त्यासाठी.

उन्हाळी लागणं, म्हणजे लघवीला जळजळ होणं, हा शब्द असा आहे की दुखण्याच्या नावातच त्याचं कारण सांगून टाकलंय. ऊन, उष्णता, कमी पडलेलं पाणी. तरण्या बाईच्या बाबतीत हे बरंचसं खरंही असतं. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलच्या खरड छाटणीला जी बाई दिवसभर बागेत असते, तिला आडोसा नसतो. म्हणून ती सकाळपासून पाणीच मोजून पिते. लघवी घट्ट होते, तासन् तास तुंबून राहते आणि आतड्यातून बाहेरच्या त्वचेवर आलेला ई. कोलाय हा जंतू मूत्रमार्गातून वर चढायला मोकळा राहतो. दर लघवीला त्याला खाली ढकलणारा प्रवाहच तिनं बंद केलेला असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पाळी चालू असलेल्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या, सगळ्यांना वारंवार हा त्रास. निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, न वाढवणाऱ्यांना ३.२ वेळा. आपल्याकडचं धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी ही सगळी औषधं उपयोगी पडतात याचं मोठं श्रेय त्यातल्या तांब्याभर पाण्याला आहे.

पण पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झालेल्या बाईला उन्हाळी श्रावणातही लागते. बाहेर पाऊस, अंगावर शाल, दिवसभर घरात, पाणीही व्यवस्थित, आणि तरी महिन्या-दोन महिन्याला जळजळ. इथं उष्णतेचा संबंध नाही. इथं घरातलं विरजण संपलेलं असतं.

हे विरजण म्हणजे नुसता अलंकार नाही. पाळीच्या वयात बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन योनीमार्गाच्या अस्तराला जाड ठेवतं आणि त्या पेशींमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, भरून ठेवतं. जुन्या पेशी गळतात, ती साखर फुटते आणि तिथं राहणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू तिचं लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचं दही होतं तसंच. १८९२ साली अल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन डॉक्टरनं हे जिवाणू पहिल्यांदा नीट वर्णन केले. आम्लता ३.८ ते ४.५ पीएचच्या आसपास राहते (हा आकडा जितका लहान तितकी जागा आंबट) आणि तेवढ्या आंबट जागेत ई. कोलायला पाय रोवता येत नाही. मूत्रमार्गाचं तोंड तिथून बोटभर अंतरावर, त्यामुळे ही आंबट जागा म्हणजे मूत्राशयाची पहिली वेस. पाळी गेली, इस्ट्रोजेन उतरलं की अस्तर पातळ होतं, साखर कमी पडते. दूधच आटलं तर विरजण कितीही चांगलं असून काय करणार? लॅक्टोबॅसिलस निघून जातात, पीएच पाचाच्या वर जातो आणि आतड्यातले जंतू मोकळ्या वेशीतून आत येतात. शिवाय मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर स्वतःची जंतुनाशक प्रथिनं बनवत असतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या राहतात. तो इशाराही मंदावतो.

१९९३ साली इस्रायलमध्ये झालेली चाचणी या बाबतीत आजही डोळे उघडते. पाळी गेलेल्या, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ९३ बायका. काहींना योनीमार्गात लावायचं एस्ट्रिऑल क्रीम दिलं, काहींना नुसतं मलम. क्रीमवाल्यांना वर्षाला दरडोई ०.५ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटाला ५.९ वेळा. महिन्याभरातच अर्ध्याहून जास्त जणींमध्ये लॅक्टोबॅसिलस परत आले, दुसऱ्या गटात एकीतही नाही. बाहेरून कोणी विरजण लावलं नव्हतं. दूध परत आलं आणि विरजण आपोआप जमलं.

गिरणीच्या पायरीवर बसलेल्या बाईला हे कोणी सांगितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.

याच जागी एक चुकीचा घरगुती उपाय चालतो, तो स्पष्ट लिहायला हवा. दही त्या जागी लावायचं नाही. दह्यातले जिवाणू वेगळ्या जातींचे असतात, योनीमार्गातले क्रिस्पॅटस, जेन्सेनाय, गॅसेराय वेगळे. दह्यातले तिथं वस्ती करत नाहीत, आणि दह्याबरोबर काय काय आत जाईल याची खात्री नसते. दही-ताक खावं, आतड्यासाठी आणि प्रथिनांसाठी खावं. आणि साबण, डेटॉल, 'स्वच्छतेची' सुगंधी द्रावणं आतल्या बाजूला अजिबात नकोत. उरलीसुरली आम्लता ती धुऊन टाकतात.

आता ही एक वेस झाली. इस्ट्रोजेनचा हात तिथंच थांबत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना, टी पेशींना, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना, सगळ्यांना इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राही असतात. शास्त्रज्ञ एल्वुड जेन्सन यांनी १९५८ मध्ये असा ग्राही असतो हे दाखवलं, त्याला आता आल्फा म्हणतात. दुसऱ्या प्रकारचा, बीटा ग्राही, सापडायला १९९६ उजाडलं. आल्फा आणि बीटा हे दोघं एकाच हाकेला वेगवेगळं उत्तर देतात, हे पुढं सोयाबीनच्या खटल्यात महत्त्वाचं आहे. ढोबळ हिशोब असा की इस्ट्रोजेनच्या राज्यात बाईची प्रतिकारशक्ती पुरुषापेक्षा तिखट असते. फ्लूच्या लशीचा अर्धा डोस दिलेल्या बायकांमध्ये पूर्ण डोस घेतलेल्या पुरुषांइतकी प्रतिपिंडं तयार झाल्याचं दिसलं आहे. त्याची किंमतही तीच मोजते. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकाराचे आजार झालेल्या दर पाच रुग्णांत साधारण चार बायका असतात, ल्युपसमध्ये दहात नऊ. गरोदरपणात इस्ट्रोजेन अनेक पटींनी चढतं तेव्हा संधिवाताचे सांधे कित्येकींचे शांत होतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत परत पेटतात. म्हणून 'इस्ट्रोजेन वाढवणारं खा' किंवा 'इस्ट्रोजेन कमी करणारं खा' असा सरसकट सल्ला देणारा माणूस समोरची बाई कोणत्या वयाची, कोणत्या आजाराची, हे बघतच नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, जितकं जास्त तितकं बरं असं म्हणायला.

ताटाचा आणि इस्ट्रोजेनचा पहिला संबंध मात्र सोयाबीनचा नाही, पोटभर जेवण्याचा आहे. साताऱ्यात पहाटे पाच-साडेपाचला कुठल्याही मैदानावर जा. पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळत असतात. माण-खटावकडून आलेल्या, भाड्याच्या खोलीत चौघी मिळून राहणाऱ्या. पळायच्या आधी कोरा चहा, आल्यावर चहा-टोस्ट, दुपारी दोन भाकरी आणि भाजी, रात्री 'वजन वाढेल' म्हणून वाटीभर भात. चार-सहा महिन्यांत पाळी लांबते, मग थांबते. मैत्रिणी म्हणतात, प्रॅक्टिस चांगली चाललीय म्हणून थांबलीय. हे फार घातक समाधान आहे. हिशोब करून बघा. ४८ किलोच्या मुलीच्या अंगात चरबी सोडून उरलेलं वजन साधारण ३७ किलो. व्यायामात जळलेल्या कॅलरी वजा करून दर किलोमागं रोज ३० कॅलरीसुद्धा उरत नसतील, तर मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे इशारे काही दिवसांतच विस्कटू लागतात, हे २००३ पासून मोजमापानिशी माहीत आहे. ३७ गुणिले ३० म्हणजे १,११०. पळणं आणि कसरतीचे ४५० धरले तर १,५६० ही धोक्याची रेषा झाली, आणि नीट चालण्यासाठी दर किलोला ४५ धरून २,१००च्या वर हवं. सत्तर ग्रॅम पिठाच्या एका भाकरीचे सव्वादोनशे-अडीचशे होतात. वरच्या ताटाची बेरीज जेमतेम हजार-बाराशेला पोचते.

शरीराला हे कळतं कसं? चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचा निरोप निघतो. हा १९९४ मध्ये सापडला. खाणं घटलं की लेप्टिन पडतं, मेंदू समजतो की दुष्काळ आहे, आणि तो दोन खर्च कापतो. एक पुनरुत्पादनाचा, म्हणजे इस्ट्रोजेनचा. दुसरा थेट टी पेशींचा. १९९८ मध्ये उपाशी ठेवलेल्या उंदरांना नुसतं लेप्टिन टोचलं तर त्यांची पडलेली प्रतिकारशक्ती सावरली. अन्न न देता, नुसता 'अन्न आहे' असा निरोप देऊन. त्यामुळे या मुलींना हिवाळ्यात सारखी सर्दी, घसा, जखम लवकर न भरणं, आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा, हे सगळं एकाच दोरीत ओवलेलं असतं. उपाय महागडा पावडरचा डबा नाही. पळायच्या आधी गुळाचा खडा आणि अर्धं केळं, आल्यावर अर्ध्या तासात मूठभर शेंगदाणे आणि भिजवलेली मटकी किंवा दोन अंडी, दुपारी तिसरी भाकरी, रात्री भाताबरोबर कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची घट्ट उसळ. तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टर. लग्न झालेलं नसलं तरी, दुखत नसलं तरी.

उपासांबद्दलही हेच. सुदृढ बाईनं नवरात्राचे नऊ दिवस धरल्यानं आभाळ कोसळत नाही. पण जी बाई वर्षभर सगळ्यांचं झाल्यावर कढईतलं उरलेलं खाते, तिचा उपास आधीपासूनच चालू असतो.

आणखी एक गोष्ट इथं लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. उसाच्या हंगामात सांगली-साताऱ्याच्या फडांत बीडकडून टोळ्या येतात. त्यातल्या कितीतरी बायकांची गर्भाशयं तिशीतच काढलेली असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, चर्चा विधिमंडळापर्यंत गेली. पिशवी काढली एवढंच पुष्कळांना माहीत असतं. त्याबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले असतील तर पन्नाशीत हळूहळू उतरायचं ते इस्ट्रोजेन तिशीत एका दिवसात उतरतं. आणि मग पालाच्या मागं आडोसा नाही, पाणी लांब, पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायच्या. अशा बाईची उन्हाळी ही पाण्याची, विरजणाची आणि अर्धपोटी राहण्याची, तिन्ही एकत्र असते. तिच्या कागदांवर बीजांडकोश काढले की ठेवले हे स्पष्ट लिहून घेणं, ही तिच्या पुढच्या वीस वर्षांच्या तब्येतीची पहिली पायरी आहे.

ताटाचा दुसरा संबंध आतड्यातून येतो. वापरून झालेलं इस्ट्रोजेन यकृतात जातं, तिथं त्याला एक साखरेचा रेणू बांधून निरुपयोगी केलं जातं आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडलं जातं. तिथं काही जिवाणू आपल्या विकरानं ती गाठ सोडवतात. मोकळं झालेलं इस्ट्रोजेन आतड्याच्या भिंतीतून परत रक्तात चढतं. म्हैसाळला नदीतलं पाणी पंपानं उचलून वरच्या कोरड्या शिवाराकडं चढवतात, तसं. किती उचललं जाईल ते दोन गोष्टींवर ठरतं, गाठ सोडवणारे जिवाणू किती, आणि जेवणात चोथा किती. चोथ्याला चिकटून बरंच बाहेर जातं. १९८२ मध्ये शाकाहारी आणि मिश्राहारी बायकांची तुलना झाली तेव्हा शाकाहारींच्या मलातून जास्त इस्ट्रोजेन जाताना आणि रक्तात कमी राहताना दिसलं. पाळीच्या वयात, जास्तीच्या इस्ट्रोजेननं त्रासलेल्या बाईला हे हिताचं आहे. पाळी गेल्यावर मुळात आटलेल्या विहिरीतून काय जाणार, त्यामुळे भाजी-भाकरीचा चोथा कमी करायची गरज नाही. त्या वयात थोडंफार इस्ट्रोजेन पोटा-कमरेच्या चरबीत तयार होत असतं, म्हणून अगदी काटकुळी होणंही चांगलं नाही. मात्र चरबी फार झाली की तीच चरबी शरीरात मंद दाह पेटता ठेवते आणि साखर वाढवते. मधुमेह ताब्यात नसेल तर बाकी कितीही उपाय केले तरी मूत्रसंसर्ग फिरून येतो.

या सगळ्यानंतर सोयाबीनचा खटला. आरोप हवेतून आलेला नाही. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. १९४६ मध्ये हे लिहून निघालं, आणि पुढं कळलं की गवतातले आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनसारखे वागत होते. सोयाबीनमध्ये त्याच घराण्यातले जेनिस्टीन आणि डेडझीन असतात. २००२ मध्ये बीजांडकोश काढलेल्या उंदरांना जेनिस्टीन टोचलं तर त्यांची थायमस ग्रंथी, जिथं टी पेशी घडतात ती, आक्रसली. हे वाचून घाबरायला होतं. पण मेंढी दिवसभर दुसरं काही न खाता तेच गवत चरत होती आणि उंदराला ते सुईनं दिलेलं होतं. माणसाच्या ताटात काय होतं ते निराळं बघावं लागतं. पाळी गेलेल्या बायकांना १६ आठवडे रोज सुमारे ७० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन, सोया दुधातून किंवा गोळीतून दिले, तेव्हा त्यांच्या बी पेशींची संख्या वाढलेली आढळली. हा २००६चा अभ्यास लहान आहे, त्यावर इमला बांधू नये, पण दिशा उलटी आहे हे खरं. गाठींचं म्हणाल तर शांघायमधल्या, स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या ५,०४२ बायकांचा २००९चा अभ्यास आहे. जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. कारण बहुधा त्या दोन ग्राहींत आहे. जेनिस्टीन बीटा ग्राहीला जास्त पसंत करतं आणि स्तनात, गर्भाशयात पेशी वाढवायचा हुकूम मुख्यतः आल्फाकडून जातो. शिवाय त्याची हाक खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा शेकडो पटींनी क्षीण. पोळीतून गेलेलं सोयाबीन गाठ करत नाही. आणि तितक्याच प्रामाणिकपणे, ते एस्ट्रिऑल क्रीमचं कामही करत नाही. आटलेलं विरजण पोळीनं परत येणार नाही.

शिवाय हे आयसोफ्लेवोन कामाला लावायलाही आतड्यातले जिवाणूच लागतात. डेडझीनपासून इक्वॉल हा जास्त प्रभावी पदार्थ ठरावीक जिवाणूच करतात, आणि ते सगळ्यांकडे नसतात. पाश्चात्त्य देशांत साधारण चारात एकाकडे, जपानसारख्या सोया खाणाऱ्या देशात निम्म्याहून जास्त लोकांकडे. जवसातल्या लिग्नान या इस्ट्रोजेनसारख्याच घटकाचं आतड्यात एंटेरोलॅक्टोन होतं तेही असंच. फिनलंडमधल्या २००२च्या अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्यांच्या रक्तात एंटेरोलॅक्टोन कमी दिसलं, आणि जितके कोर्स जास्त, जितके अलीकडचे, तितकं कमी. उन्हाळी लागली की मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवायच्या, पुढच्या वेळी त्याच घ्यायच्या, हे चक्र इथं येऊन बसतं. प्रत्येक फेरीत जंतू चिवट होतो आणि आतड्यातली मित्रमंडळी विरळ. गोळीआधी लघवीचं कल्चर करायला टाकलं तर कोणती गोळी लागू पडेल ते दोन-तीन दिवसांत कळतं. मूत्रसंसर्ग वर्षात तीनदा किंवा सहा महिन्यांत दोनदा झाला की स्त्रीरोगतज्ज्ञांना 'लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल' हे शब्द वापरून विचारावं. पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर ते आधी सांगावं. ताप, थंडी, कमरेच्या वर पाठीत दुखणं, लघवीत रक्त, यातलं काहीही असेल तर धने-जिऱ्यात वेळ घालवू नये.

राहिलं फुगणारं पोट. ते सोयाबीनचंच होतं, आणि मामांच्या नाकानं ते आधीच ओळखलं होतं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इन्हिबिटर असतात. ते प्रथिन पचवणाऱ्या विकराला अडवतात. न पचलेलं पुढं मोठ्या आतड्यात जातं, सोयाबीनमधल्या न पचणाऱ्या साखरांच्या जोडीला, आणि तिथं वायू होतो. तव्यावरच्या मिनिट-दीड मिनिटाच्या पोळीला तेवढी धग मिळत नाही. कच्चा दाणा दळला की त्यातलं लायपॉक्सिजनेज हे विकर तेलाशी भिडतं आणि तो हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास सुटतो. पीठ पंधरा दिवसांत खवट लागतं. किलोभर दाणे आधी निवडून, भराभर धुऊन, तीन लिटर खळखळ उकळत्या पाण्यात सोडायचे. गार पाण्यात घालून तापवायचे नाहीत, कारण विकर मरायच्या आधीच काम सुरू करतं. पुन्हा उकळी आल्यापासून २५ ते ३० मिनिटं. ते पाणी फेकायचं. त्यात थोडे आयसोफ्लेवोन जातात, जाऊ देत, नको त्या साखराही जातात. मग गार पाण्यात चोळून सालं काढायची, कपड्यावर पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हं द्यायची. पावसाळ्यात हा खटाटोप करू नये, दाणा आतून ओला राहतो आणि डब्यात बुरशी धरतो. तेव्हा फुटाण्याच्या भट्टीवरून गरम वाळूत भाजून आणलेलं बरं. नऊ किलो गव्हाला एक किलो. याहून जास्त घातलं की पोळी चिवट होते आणि तेलामुळे दगड बसतो. चार पोळ्यांना सव्वाशे ग्रॅम पीठ धरलं तर त्यात बारा-तेरा ग्रॅम सोयाबीन, पाच ग्रॅम प्रथिन आणि फार तर पंधरा-वीस मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी घेऊन अशी पोळी चार तासांनी, कारण सोया त्या गोळीचं शोषण कमी करतं.

जवसाची चटणी तर आपल्या घरातलीच. फक्त अख्खे जवस तिळासारखे भुरभुरवून खाल्ले तर जसेच्या तसे बाहेर पडतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, गार करून, लसूण-मिरचीबरोबर कुटायचे. लिग्नान भाजण्यानं जात नाहीत, तेल मात्र खवट होतं, म्हणून एकावेळी आठ-दहा दिवसांची वाटीभर चटणी, घट्ट झाकणाच्या बरणीत. रोज एक-दोन चमचे पुरे, वर पाणी भरपूर.

आणि हळद. सांगलीच्या हळदीचा वास ज्या गल्ल्यांत भरलेला असतो तिथं हे लिहिणं जड जातं, पण हळदीच्या दुधावर या दुखण्याचा भार टाकू नये. त्यातलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरतं. भाजीत असावी, रोज असावी.

पायरीवरच्या बाईंचं चाळून झालं. परातीतला गहू त्यांनी डब्यात भरला, सोयाबीनच्या पिशवीला गाठ मारली आणि "म्हशीला घालीन" म्हणत ती डब्याच्या कडीला अडकवली. त्यांच्या मागच्या मुलीच्या डब्यातही सोयाबीन होतं. चाळणीकडं बघून तीही घुटमळली. मामांनी तिच्या डब्यातला एक दाणा उचलला. फिक्कट, सुरकुतलेला, साल नसलेला. दाढेखाली धरून कटकन फोडला, थोडा वेळ चावला. "उकडून वाळवलेलं हाय ह्ये," म्हणाले, आणि पट्टा चालू करून डबा गिरणीच्या तोंडात पालथा केला.